तिसऱ्यांच्या जागेवर लावलेला कांदळ

मी कॉलेजात पर्यावरण अभ्यास शिकवतो. विषय सगळ्यांना सक्तीचा आहे, त्यामुळे तो कुणी मनावर घेत नाही. प्रकल्प म्हणून मुलं मोबाइलवरून उतरवलेली पानं शिवून आणतात. एका वर्षी मी ठरवलं की यांनी चिखलात उतरायचं आणि स्वतःच्या हातांनी कांदळ, म्हणजे खारफुटी, लावायचा.

वालावलच्या अलीकडे खाडीचा एक पट्टा सुकतीला, ओहोटीच्या वेळी, उघडा पडायचा. मी तो निवडला, कारण बस तिथवर जायची आणि तळ घट्ट होता, पाय रुतत नव्हते. तो घट्ट का आहे, हा प्रश्न मला पडला नाही. शिक्षकाला पडायला हवा होता.

आम्ही कांदळाच्या शेंगांच्या पिशव्या घेऊन उतरलो, तेव्हा चार-पाच बायका वाकून वाळू उकरत होत्या. त्यांतली एक साठीची. तिला मी ओळखत होतो. आमच्या घरी तिसऱ्या, म्हणजे वाळूतल्या खायच्या शिंपल्या, ती द्यायची आणि आई असेपर्यंत पडवीत बसून चहा घ्यायची. मी तिला काकी म्हणायचो.

ती कंबर सरळ करत म्हणाली, "मास्तरांनू, हयसर लावू नकात. हयसर तिसरे गावतत. थंय बांधाकडे लावा, थंय कोण उतरणा नाय."

दुसरी हसली. "गो, तेंका सांगान काय उपेग? तेंची पोरा चपला सोधतत चिखलात!"

मुलंही हसली. माझे कान तापले. एरवी मी काकीशी मालवणीतच बोलायचो, पण त्या दिवशी प्रमाण मराठीत म्हणालो, "काकी, कांदळवनामुळे मासळी वाढते. हे तुमच्याच भल्यासाठी आहे."

"माशे वाडतीत, पण तिसरे?"

मी मुलांना शेंगा रोवायला लावलं. वर जाताना काकीच्या हातात एक शेंग दिली आणि फोटो काढून घेतला. अहवालात त्या फोटोखाली लिहिलं, 'स्थानिक महिलांचा उत्स्फूर्त सहभाग'. तो फोटो आजही विभागात लावलेला आहे.

शेंगा जगल्या. पुस्तकात कांदळवनाचा पहिला फायदा दिलेला असतो, की मुळं गाळ धरून ठेवतात. मुळांनी गाळ धरला. तीन-चार पावसाळ्यांत त्या पट्ट्यावर काळा, मऊ चिखल चढला. तिसऱ्यांना वाळूमिश्रित तळ लागतो. त्या आधी लहान मिळू लागल्या, मग मेलेल्या शिंपल्या, मग काहीच नाही. मी दर वर्षी नवीन मुलांना तिथे नेऊन वाढलेली झाडं दाखवत होतो, आणि बायका का दिसत नाहीत हे विचारत नव्हतो.

एक दिवस काकी कॉलेजात आली. विभागाच्या दाराशी चप्पल काढून उभी राहिली.

"माका एक कागद देवा. हयसर आदी कांदळ नव्हतो, तुमीच लावलास म्हणान. तो घेवन मी कचेरीत जातंय. सगळो नको, मदलो पट्टो तरी मोकळो करतीत."

मागणी एवढीच होती. चार ओळी आणि माझी सही.

त्या वर्षी कॉलेजची तपासणी होणार होती आणि आमच्या विभागाकडे दाखवण्यासारखं ते कांदळवनच होतं. मी म्हणालो, "काकी, तपासणी होऊन जाऊ दे." ती बरं म्हणाली. पुढे ती दोनदा आली आणि दोन्ही वेळा मी वर्गात असल्याचं शिपायाला सांगायला लावलं. एकदा तर मी आतल्या खोलीत कपाटामागे उभा होतो आणि शिपाई तिला खोटं सांगत असताना मला ते ऐकू येत होतं.

तपासणी झाली, कौतुक झालं. त्यानंतर मी कागद लिहिला आणि लाज वाटून स्वतःच वनखात्याच्या कचेरीत घेऊन गेलो. साहेबांनी तो दोनदा वाचला. म्हणाले, "सर, कुणी लावलं याला आता अर्थ नाही. रोपं होती तेव्हा आला असतात तर काही बघता आलं असतं. आता हे कांदळवन आहे. फांदी जरी तोडली तरी गुन्हा. तुम्हीच हे शिकवता ना?"

मी कागद परत घेतला आणि काकीकडे गेलो. ती ओट्यावर हातांना खोबरेल लावत होती. काजूच्या कारखान्यात जायला लागली होती. टरफलातल्या तेलाने बोटांची सालं निघाली होती, नखं काळी पडली होती. तिने कागद घेतला नाही.

"आता कित्याक व्हयो?" एवढंच म्हणाली. शिवी दिली नाही, चहाही विचारला नाही. आमच्याकडे चहा न विचारणं म्हणजे काय, हे मला कळतं.

मी तिची माफी मागायला गेलो होतो. मासळी वाढली आहे, असं काहीतरी पुटपुटून उठलो.

'कांदळवनाचे फायदे लिहा' हा प्रश्न अजूनही पेपरात येतो. मुलं गाळाचा मुद्दा पहिला लिहितात आणि मी त्याला गुण देतो. तोटा मी अजून वर्गात सांगितलेला नाही. सांगायचा तर तो कोणी केला हेही सांगावं लागेल.

कारखान्याची गाडी सकाळी कॉलेजच्या फाटकासमोर थांबते. बायका तिथे उभ्या असतात, काकी डबा घेऊन कडेला. त्या वेळी मी मागच्या वाटेने आत जातो.