दादानं वाढलेलं जवसाचं तेल

माहं लग्न माह्या भावानं मोडलं. पळीभर जवसाच्या तेलानं.

आज त्याले जाऊन एक वर्ष झालं.
सकाळपासून फॅमिली ग्रुपवर सगळे "देवमाणूस, देवमाणूस" करून राह्यले.
करा बापा. मले तो देवमाणूस कधी वाटला नाई. हेकट होता. एक नंबरचा हेकट.

माय-बाप गेले तेव्हा मी सहा वर्षांची होती, दादा एकवीसचा. त्यानंच मले वाढवलं, माह्या वेण्या घातल्या, वर्ध्याच्या कॉलेजातून बी.ए. केलं. हे सगळं खरं आहे.
म्हणूनच तं राग जास्त आहे.

कारंज्याले हायवेवर त्याचा ढाबा होता. जवस आमच्याच वावरातलं, तेल गावातल्या घाणीवरचं. सगळा स्वयंपाक त्याच्यातच.
ज्याले सवय नाई त्याच्या नाकात ते तेल बसते. पंजाबकडचे ड्रायव्हर म्हणत, हे तं पेंटमधलं तेल आहे. आता खोटंही नाई, पेंटात जवसाचंच तेल पडते.
दादा त्यायले म्हणे, जेवाचं तं जेवा, नाई तं समोर अमरावती आहे.
अर्धे गिऱ्हाईक पलीकडच्या ढाब्यावर गेले. याच्या कपाळावर आठी नाई.

ढाबा त्याचा होता, मले काही म्हणणं नव्हतं. पण लग्न माहं होतं.

ऐंशी-एक्क्याऐंशीच्या हिवाळ्यात पुण्याहून सोयरीक आली. पोरगा बँकेत.
मामाच्या घरी पाह्याचा कार्यक्रम झाला. त्यानं सगळ्यायच्या समोर मले एकच गोष्ट विचारली, "तुम्हाला पुढं शिकायचंय का?"
तोपर्यंत लोकायनं मले स्वयंपाक येते का अन शिवण येते का, एवढंच विचारलं होतं.
मी तिथंच मनातून हो म्हणून टाकलं.

मंग त्याच्या घरचे आमच्या घरी जेवाले येणार, असं ठरलं. जेवण झालं की सुपारी फुटणार होती.

मी दादाच्या मागं लागली. एक दिवस, दादा, फक्त एक दिवस फल्लीच्या तेलात कर. शेंगदाण्याच्या तेलाची त्यायले सवय आहे, आपला वास त्यायले सोसणार नाई.
त्यानं माह्या डोक्यावर हात ठेवून कबूल केलं. स्वतः कढईपाशी उभा राहून सगळं फल्लीच्या तेलात केलं.

पाच पाहुणे पंगतीत बसले. पोरगा शेवटी, दारापाशी.
झुणका वाढला, भाकर वाढली. माहा जीव भांड्यात पडला.

आणि हा महापुरुष आतून कच्च्या जवसाच्या तेलाची वाटी घेऊन आला.

आमच्या इकडं झुणक्यात खड्डा करून वरून कच्चं तेल सोडतात. पाहुण्याच्या पानात ते नाई पडलं तं घरवाला हात आखडते म्हणतात. मी दारामागून हातानं नाई-नाई करून राह्यली. यानं माह्याकडं पाह्यलं, हसला, आणि पाचही पानात पळी-पळी तेल सोडलं.

बराच वेळ दादा वाटी घेऊन पंगतीत जेवा-जेवा करत फिरला. मंग पोराच्या आईनं नाकाले पदर लावला.
"दाराला चोळतात ना हे? आमच्याकडं माणसं नाही खात असलं."

दादा वाटी घेऊन तसाच उभा.
"उठा," म्हणे.

बस. पाच माणसं पानावरून उठली, हात धुतले, चपला घातल्या, गाडीत बसली. पोराले त्याच्या आईनं दंडाले धरून नेलं.

मी रडत म्हटलं, तू कबूल केलं होतं.
म्हणे, "स्वयंपाकाचं बोलणं झालतं, वरून वाढाचं नाई. अन ज्याले आपलं तेल चालत नाई, त्याले आपली पोरगी काऊन द्याची?"

लय मोठं वाक्य बोलला. पुढं साऱ्या सोयऱ्यायले तेच ऐकवत फिरला.
जेवता पाहुणा उठवणारं घर, असं आमचं नाव झालं. मंग कोण येते? मी बी.एड. केलं, सिंदी मेघेले मास्तरीण झाली, एकटी राह्यली.
तीन वर्षं मी त्याच्याशी बोलली नाई. दर दिवाळीले तो एस.टी.नं तेलाचा डबा घेऊन ये अन ओट्यावर ठेवून जाये. डबा मी घेत होती. बोलत नव्हती.

आता शेजारची सूनबाई मले फ्लॅक्स सीडची बरणी दाखवते. मॅडम, हेल्थले खूप चांगलं असते म्हणे, ओमेगा असते. डोक्यात तिडीक जाते. तवा कुठं होती वं तू?

दादा, एक गोष्ट तुले कधी सांगतली नाई.

त्या दिवशी तू तरातरा ढाब्यावर निघून गेला. ताटं मी उचलली.
चार ताटायत झुणका तसाच होता, वर तेल.
दारापाशीचं ताट पुसून खाल्लेलं होतं. भाकरीचा तुकडा नाई, तेलाचा थेंब नाई.

त्याले चालत होतं, दादा.

तेव्हाच सांगतलं असतं तं तू पहिल्या गाडीनं पुण्याले गेला असता अन त्या बाईच्या पायावर डोकं ठेवलं असतं. तुले तसं वाकलेलं मले पाह्याचं नव्हतं.
नंतर सांगतलं असतं तं तू अन्न सोडलं असतं.
म्हणून मी गप राह्यली. अन तू जलमभर तेच वाक्य माह्यासमोर बोलत राह्यला.

आज तुह्या नैवेद्याले झुणका केला. वरून तेल सोडलं. फल्लीचं.
घे खाऊन. एक दिवस सोस.

नमस्कार करते दादा. रागासकट.