उलट्या बाजूची खाच

मिस्त्री चाकू मिटताना कानाशी धरायचे. पातं मुठीत जाऊन बसताना 'कट्' असा बारीक आवाज होतो, तो ऐकायचे. मान हलली तर चाकू जमला. नाही हलली तर पुन्हा कानस घेऊन बसायचे. आणि कुणी लांबूनच तारीफ करायला लागलं की म्हणायचे, "बघून बोलू नका. हातात घ्या, मग बोला."

उदगीरला मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागे त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. वर्षभर विळ्या-कोयत्यांना आणि अडकित्त्यांना धार लावायची, हा धंदा. त्यातून फुरसत मिळाली की घडीचे चाकू करायचे. जुन्या आरीच्या पोलादाचं पातं आणि म्हशीच्या शिंगाची मूठ. असा चाकू त्यांनी विकलेला मी कधी पाहिला नाही. आवाज मनासारखा आला नाही की ते तो मोडायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचे.

मी शाळेत गणित शिकवतो. घरचा अडकित्ता घेऊन त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो, तेव्हा त्यांनी माझ्यापुढे एक पेरू ठेवला आणि त्यांनीच केलेला एक चाकू दिला. घडीच्या चाकूच्या पात्यावर नख अडकवायला एक खाच असते. उजवा माणूस मूठ डाव्या हातात धरून उजव्या अंगठ्याच्या नखाने पातं ओढतो, म्हणून ती खाच नेहमी एकाच बाजूला असते. मी जन्माचा डावरा. मला चाकू उलटसुलट फिरवून बोटाच्या टोकाने पातं उकरावं लागतं. मिस्त्री बघत होते.

"सर, तुमी डावरे दिसता."

मी घाईने म्हणालो, छे, लिहितो मी उजव्यानेच. ते खरंच होतं. लहानपणी गुरुजींनी छडीने हात बदलून घेतला होता आणि देवळात डावा हात पुढे केला म्हणून भरल्या लोकांत प्रसाद नाकारला गेला होता. तेव्हापासून चार लोकांत डावा हात खिशात ठेवायची सवय लागली, ती पन्नाशी आली तरी गेली नाही. पेरू मिस्त्रींनीच कापून दिला.

आता आमच्या ग्रुपविषयी सांगायला हवं. लातूर-नांदेडकडच्या चाकूवेड्या मंडळींचा आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. परदेशी कंपन्या नवा चाकू बाजारात आणण्याआधी त्याच्या नमुन्याचे फोटो सोडतात. ते आम्ही दोन बोटांनी मोठे करून बघतो. पातं मधोमध बसलंय का, स्क्रू कसले आहेत, मुठीला फट दिसते का. चाकू अजून तयारही झालेला नसतो आणि आमच्यात दोन तट पडलेले असतात. एरवी आमच्यापैकी बहुतेकांनी चाकूने पार्सलच्या चिकटपट्टीशिवाय काही कापलेलं नाही. तुमच्याही ओळखीत अशी मंडळी असतील. कुणाला घड्याळांचं वेड, कुणाला गाड्यांचं. त्यांनाही बोलायला वस्तू लागत नाही, फोटो पुरतो.

या ग्रुपमध्ये मिस्त्रींना मीच आणलं. आपल्या भागातला कारागीर म्हणून मिरवलं. ते सुपारीशेजारी चाकू ठेवून फोटो काढायचे, आकार कळावा म्हणून. मंडळींना ती सुपारीच जास्त आवडायची. शेवटी असं ठरलं की मिस्त्रींनी एक नमुना करून त्याचा फोटो टाकायचा आणि सगळ्यांना पसंत पडला तर प्रत्येकाने एकेक चाकू करून घ्यायचा. त्या दिवशी मिस्त्रींनी मला चहा पाजला.

"आजवर दुसऱ्याच्याच लोखंडाला धार लावली, सर," ते म्हणाले. "आपला म्हणून एक चाकू लोकांच्या खिशात जावा, एवढंच हाय. पैला नग तुमचा."

दोन महिने ते त्या नमुन्यावर बसले होते. मी अधूनमधून जायचो, पण दाखवायचे नाहीत. फडक्याखाली झाकून ठेवायचे.

फोटो आला त्याच्या दोनच दिवस आधी ग्रुपवरच्या नांदेडच्या एका इंजिनिअरसाहेबांनी माझी चूक काढली होती. कुठल्याशा पोलादाचं नाव मी चुकीचं लिहिलं होतं. हे गृहस्थ ग्रुपमधले जाणकार, त्यांचा शब्द शेवटचा. मला ते लागलं होतं. आपल्यालाही काही कळतं हे दाखवायची संधी मी शोधत होतो, आणि ती मला मिस्त्रींच्या फोटोत सापडली.

कॅलेंडरच्या कागदावर चाकू, शेजारी सुपारी. आणि पात्यावरची खाच भलत्याच बाजूला. सगळ्यांच्या आधी मी लिहिलं, "मिस्त्री, खाच उलट्या बाजूला पडली. आरशात बघून केला का?" पुढे एक हसरा चेहराही टाकला.

मग हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. एकाने लिहिलं, ज्याला बाजू कळत नाही त्याच्याकडून काय करून घ्यायचं. दुसऱ्याने आपलं नाव मागे घेतलं, मग तिसऱ्याने. इंजिनिअरसाहेबांनी मला लिहिलं, "सर, नजर मानली." ते मी बायकोलाही वाचून दाखवलं.

बऱ्याच वेळाने मिस्त्रींचा एका ओळीचा निरोप आला. "चुकी झाली. माफी असावी." आणि ते ग्रुपमधून बाहेर पडले.

मी त्यांच्याकडे गेलो नाही. आधी वाटलं, रुसलेत, निवळतील. मग शाळेच्या परीक्षा आल्या. मग इतके दिवस गेलो नाही म्हणून जायची लाज वाटू लागली आणि मी मोंढ्यामागचा रस्ताच सोडला. असं आठ महिने चाललं.

मिस्त्री गेल्याचं मला केस कापायच्या दुकानात कळलं, तेही पंधरा दिवस उशिरा. घरी गेलो तर शिरूर अनंतपाळला दिलेली त्यांची मुलगी आईजवळ राहायला आली होती. मी नाव सांगितलं तशी ती आत गेली आणि फडक्यात गुंडाळलेला चाकू घेऊन आली.

"बाबा म्हणले व्हते, सर आले तर द्या. न्हाई आले तर मागं लागू नका."

तोच चाकू होता, फोटोतला. मी मूठ उजव्या हातात धरली. डाव्या अंगठ्याचं नख आपसूक खाचेत गेलं आणि पातं उघडलं. फिरवावं लागलं नाही, उकरावं लागलं नाही. उभ्या आयुष्यात एवढ्या सहज मी एकही चाकू उघडला नव्हता. पहिला नग माझा होता, म्हणून खाच त्या बाजूला होती. आणि मी, डावरा, फोटोत तो चाकू बघून सगळ्यांच्या आधी हसलो होतो.

मी तिला विचारलं, हे त्यांनी तेव्हाच का नाही लिहिलं. एक ओळ लिहिली असती तरी पुरे होतं.

"म्या म्हणलं व्हतं, लिवा की," ती म्हणाली. "बाबा म्हणले, सर त्यांचा डावा हात लपवून ऱ्हातेत. समद्यायपुढं कशाला उघडं करायचं माणसाला?"

मला तिच्याकडे बघवेना. तिने केलेला चहा कसाबसा संपवून मी उठलो.

घरी येऊन मी ग्रुपवर सगळं लिहिलं. मी डावरा आहे इथून सुरुवात केली. काही लोकांनी हात जोडले. इंजिनिअरसाहेबांनी लिहिलं, "फार वाईट झालं. त्या चाकूचे दोन्ही बाजूंनी फोटो टाका ना." त्यांचा हेतू वाईट नव्हता. मी एवढंच उत्तर दिलं की चाकू उदगीरला आहे, येऊन हातात घ्या. अजून कुणी आलेलं नाही. मिस्त्रींनी टाकलेला फोटो ग्रुपवर तसाच आहे, त्याखालचं पहिलं हसूही तसंच, माझ्या नावासकट. इतक्या दिवसांनी ते पुसता येत नाही.

मिस्त्रींना त्यांचा म्हणून एक चाकू लोकांच्या खिशात जायला हवा होता. एकच गेला, आणि तो माझ्या खिशात आहे. शाळेत मुलांच्या पेन्सिलींना मी आता त्याने टोक करून देतो, सगळ्यांदेखत, डाव्या हाताने. काम झालं की चाकू कानाशी धरून मिटतो. आवाज येतो. त्यात मिस्त्री काय ऐकायचे ते मला कळत नाही, आणि विचारायला आता कुणी नाही.