टॅबलेटच्या कव्हरातली अक्षत
अवं पोरी, या तुझ्या मावशीला फोन काहून करत नाहीस? आज टॅबलेटच्या जुन्या कव्हरात हळदीचा एक तांदूळ सापडला अन् नागपूरचं तुझं लग्न आठवलं. तेव्हा माझा पाय प्लास्टरमध्ये, म्हणून मी इथे जबलपुरातच अडकलेली. तिकडे मंगलाष्टकं सुरू झाली, अन् टॅबलेटवर लग्नाच्या लाइव्ह व्हिडिओच्या जागी नुसतं लिहून येऊन राहिलं, प्लगइन चालत नाही. मी तर रडायलाच लागले. सून म्हणाली, "मम्मीजी, रुको, दूसरा ब्राउज़र डालती हूँ, उसमें चलेगा." शेवटच्या मंगलाष्टकाला तू दिसलीस, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. हातातल्या अक्षता मी स्क्रीनवरच उधळल्या. सून हसली, "मम्मीजी, शादी टॅबलेट की हो गई!" आता लवकर ये बाई, तुझ्या डोक्यावर टाकायच्या राहिल्याच आहेत.