काचेखालचा दिवा

परवा डॉक्टरांनी माझ्या गुडघ्याचा एक्स-रे उजेडाच्या पेटीवर लावला आणि मला विनयची ड्रॉइंग शीट आठवली.

इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष, सबमिशनचा आदला दिवस. माझी एकही शीट झाली नव्हती, म्हणून विनय त्याच्या शीट घेऊन दुपारी आमच्या मुलुंडच्या घरी आला होता. आम्ही पडदे ओढले, डायनिंग टेबलची काच दोन खुर्च्यांवर आडवी टाकली आणि खाली टेबललॅम्प लावला. काचेवर त्याची शीट, तिच्यावर माझा कोरा कागद. खालच्या उजेडात त्याच्या रेषा वर उमटायच्या, मी गिरवायचो. काच तापली होती, खोलीभर खोडरबराचा वास होता.

शीटच्या कोपऱ्यात त्याने खोडलेली अक्षरंही उजेडात दिसायला लागली. ‘आई, मला आता नाही जमत.’ एकाखाली एक, पाच-सहा वेळा.

“हे काय रे?”

“काही नाही यार, पेन्सिलचं टोक बघत होतो. तू गिरव ना, उद्या वाट लागेल.”

त्याचा आवाज नेहमीसारखाच होता. निदान मला तो तसाच हवा होता. मी मान खाली घातली. तेवढा कोपरा सोडून बाकी एकही रेष चुकवली नाही. सहा वाजता तो शीट गुंडाळून निघाला.

दुसऱ्या दिवशी माझ्या शीटवर सही झाली. विनयचा नंबर पुकारला, कोणीच उठलं नाही. त्याचा मोबाइल बंद होता, म्हणून मी त्याच्या आईला फोन लावला.

माझा आवाज ऐकताच काकू म्हणाल्या, “रात्री तुमच्याकडेच राहिला ना तो? जेवला का रे नीट?”