समोर बसवून सांगणाऱ्या कर्णिक मॅडम

वाईट रिपोर्ट कर्णिक मॅडम कधी फोनवर सांगत नसत. "माणसाला समोर बसवून सांगायचं, आणि सांगून झाल्यावर लगेच उठायचं नाही," असं आम्हा नव्या मुलींना बजावत. ठाण्याच्या आमच्या जनुकीय तपासणीच्या लॅबमध्ये त्या सर्वांत ज्येष्ठ. रक्तातल्या पेशी वाढवायच्या, काचपट्टीवर रंगवायच्या आणि गुणसूत्रांच्या जोड्या लावून पाहायच्या, हे काम मी त्यांच्याकडेच शिकले. 'दोष' हा शब्द त्यांना खपत नसे. "बदल म्हण. दोष ठरवणारी तू कोण?"

माझं दुसऱ्यांदा मिसकॅरेज झालं तेव्हा त्यांनीच माझं आणि नवऱ्याचं रक्त तपासलं. दार लावून मला समोर बसवलं. "अगं, बदल तुझ्यात आहे. चार नंबरच्या गुणसूत्राचा तुकडा अकरावर गेलाय, अकराचा चारवर. सगळं आहे, नुसती जागा बदललीय, म्हणून तू धडधाकट आहेस. पण बाळाला देताना वाटणी चुकू शकते." मी मान हलवली आणि जाऊन टेबल पुसत बसले. ते स्वच्छच होतं.

रविवारी त्या दिवा स्टेशनजवळच्या आमच्या घरी आल्या. सासूबाईंनी विचारलं, "म्हणजे खोट हिच्यातच ना?"

"खोट नाही हो. असं काहीतरी तुमच्यामाझ्यातही असेल. आपण तपासलेलं नाही, एवढंच."

पुन्हा तो शब्द घरात निघाला नाही.

तिसऱ्या वेळी गर्भजल तपासायला दिलं. मॅडमनी मला रजेवर पाठवलं. "हे मी वाचीन. तू नाही." दोनेक आठवड्यांनी दुपारी बेल वाजली. दारात त्या होत्या, तेव्हाच मला कळलं. वाटणी चुकली होती. पुढचा निर्णय तुम्हा दोघांचा, असंही त्यांनी सांगितलं. तेवढ्यात नळाला पाणी आलं. मी उठले नाही. त्यांनीच पदर खोचून बादल्या भरल्या, आणि नवरा येईपर्यंत थांबल्या.

ते बाळ आम्ही ठेवलं नाही, आणि पुन्हा प्रयत्न केला नाही.

मॅडम निवृत्त झाल्या आणि वर्षभरात गेल्या. डोंबिवलीला त्यांच्या भावाकडे भेटायला गेले. मला रडू आलं नाही. भाऊ म्हणाले, "आपण कोण?"

"लॅबमध्ये एकत्र होतो."

"ताई घरी लॅबचं कधी बोललीच नाही. कशी होती तिथे?"

मला त्या भरलेल्या बादल्या आठवल्या. मग म्हटलं, "कामाला पक्क्या होत्या."

त्यांनी मान हलवली आणि ते दुसऱ्या पाहुण्यांकडे वळले.