लाइव्हवर आलेले दादा

साडीच्या दुकानात बाई एक साडी घेऊन जाते आणि मागे गादीवर चाळीस उघड्या पडलेल्या असतात. त्यांच्या घड्या घालेपर्यंत पुढची बाई येऊन बसते. किश्शांचंही तसंच होतं बघा. एक आवरावा तर वर दुसरा येऊन पडतो. आज दुकानात जरा निवांत आहे, म्हटलं चार घड्या घालून टाकू.

पिंपरी मार्केटच्या एका गल्लीत माझं दुकान आहे. शिक्षण दहावी, तेही दुसऱ्या दमात. बाकीचं गिऱ्हाइकांनी शिकवलं. मोबाईल तर पूर्णपणे बायकांनीच शिकवला, आणि मोबाईलवर बाईमाणसाच्या वाट्याला काय काय येतं, तेही!

* * *

मध्यंतरी मला व्हॉट्सअॅप ग्रुपची हौस आली. वहीतले सगळे लेडीज नंबर काढले, दोनशेच्या आसपास, आणि एका दुपारीत ग्रुप तयार. वर गणपतीचा फोटो, खाली पैठण्या. मी खूश!

तिसऱ्या दिवशी शाळेतल्या एक बाई आल्या. नेहमीचं गिऱ्हाईक. पण बसल्या नाहीत, पाणीही नको म्हणाल्या. फोन माझ्यापुढे धरला. कुणीतरी विचारलं होतं, 'हाय डिअर, जेवलीस का?'

"बाई, याला तुमचा नंबर कुठून मिळाला?"

"शेठ, तुम्हीच दिलात की! आमचे सगळ्यांचे नंबर चौकात लावलेत तुम्ही."

"अहो, पण ग्रुपमध्ये सगळ्या लेडीज आहेत."

"हो का? मग या मिश्या कुणाच्या?"

फोटो बघितला. मिश्या चांगल्या भरघोस होत्या. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आपल्याकडे दुकानात नंबर मागितला की अर्ध्या बायका नवऱ्याचा देतात. मीच किती जणींना म्हटलं असेल, "वहिनी, साहेबांचा दिला तरी चालेल." म्हणजे माझ्या लेडीज ग्रुपमध्ये साठ-सत्तर साहेब बसले होते, आणि त्यातले हे एक साहेब अकरा जणींच्या जेवणाची चौकशी करत होते!

प्रकरण त्यांच्या घरी पोचलं. पुढचे आठ दिवस साहेबांना मात्र घरात कुणी जेवायला विचारलं नाही. त्यांच्या मिसेसनीच सांगितलं, ब्लाऊजपीस मॅचिंग करता करता.

ग्रुप बंद केला तो माझ्या काउंटरवरच्या अर्चनानं. हिंगोलीकडचं कुटुंब, वडील चाकणला कंपनीत. वय बावीस, बोलणं मोजकं.

"काका, ब्रॉडकास्ट लिस्ट असते. मेसेज सगळ्यांना जातो, कुणाला कुणाचा नंबर दिसत नाही."

"मग आधी का नाही बोललीस?"

"तुम्ही गणपतीचा फोटो शोधण्यात बिझी होता!"

* * *

एका वहिनींनी आमच्याकडची साडी नेसून फोटो पाठवला. सुंदर दिसत होत्या. मी लगेच दुकानाच्या स्टेटसला टाकला, खाली 'आमचे समाधानी ग्राहक, नवीन खरेदी'.

तासाभरात वहिनींचा फोन. "काका, विचारायचं तरी! मी ह्यांना सांगितलं होतं, साडी माहेरची आहे, जुनी आहे!"

तेव्हापासून अर्चनाचा कायदा आहे. विचारल्याशिवाय कुणाचा फोटो टाकायचा नाही. हो म्हणाल्या तरी पुन्हा एकदा विचारायचं.

* * *

चऱ्होलीच्या एक आक्का येतात. शेतावर बिल्डरचे टॉवर उभे राहिले, पैसा आला, नातवानं मोठा फोन घेऊन दिला. एकदा गादीवर बसल्या असतानाच फोन आला. आक्कांचा फोन कायम स्पीकरवर.

"मॅडम, आज आपली लाईट कट होणार आहे. मोबाईलवर एक नंबर आलाय, तो सांगा."

"कर बाबा कट."

"मॅडम, पूर्ण कनेक्शन जाईल!"

"जाऊंदे की. गुरवारची तशीबी नसती. तू कुठला रं? लगीन झालंय का?"

त्यानं आणखी दोनदा अंधाराची भीती घातली. आक्कांनी त्याला आपल्या भाचीचं स्थळ सांगायला घेतलं, तेव्हा त्यानंच फोन ठेवला. मी हात जोडले. "आक्का, मानलं तुम्हाला! कसा ओळखलात?"

"काय वळखायचं? दिला आसता की नंबर. पर दिसना ना! चष्मा घरी ऱ्हायलाय."

अर्चनानं त्याच दिवशी त्यांना शेजारी बसवून तासभर शिकवलं. आलेला नंबर कुणालाही द्यायचा नाही, नातवालासुद्धा नाही. जाताना आक्का म्हणाल्या, "नातवाला तर मुळीच न्हाई!"

* * *

मग आम्ही लाइव्ह सुरू केलं. रोज संध्याकाळी पाचला अर्चना फोनसमोर साड्या दाखवते, बायका घरबसल्या बघतात. पहिल्याच आठवड्यात एक दादा आले. साडीवर नजर नाही. सारखं एकच, 'ताई, तुमचा पर्सनल नंबर द्या ना.'

अर्चना म्हणाली, "दादा, लिहून घ्या," आणि माझा नंबर दिला!

दोन मिनिटांत फोन. मी राग गिळून बोललो राव. वीस मिनिटं त्याला सुती आणि सिंथेटिकमधला फरक समजावला. शेवटी बिचाऱ्यानं आईसाठी दोन इरकल घेतल्या. अजूनही दिवाळीला त्याची ऑर्डर असते.

* * *

सगळेच दादा असे निघत नाहीत.

श्रावणात कुणीतरी लाइव्हमधला अर्चनाचा फोटो उचलला, तिच्या नावानं खोटं अकाउंट काढलं आणि खाली नको ते लिहिलं. ते थेट हिंगोलीपर्यंत, चुलत्यांच्या फोनवर पोचलं. अर्चना दुकानात यायची बंद झाली. तिसऱ्या दिवशी तिचे वडील आले, कंपनीच्या गणवेशातच. दशरथभाऊ. गरीब माणूस, कधी आवाज न चढवणारा.

"शेठ, पोरगी आता येणार नाही. फोनबी काढून घेतलाय तिचा. गावाकडून फोन यायलेत, मी काय सांगू लोकाला?"

"दशरथभाऊ, चोरी कुणी केली आणि कुलूप कुणाला लावताय?"

"तुमची पोरगी असती म्हंजी कळलं असतं."

लाइव्ह मीच सुरू केलं होतं, माझ्या धंद्यासाठी. मी एवढंच म्हटलं, "कंप्लेंट तरी करू. मी येतो बरोबर." शेवटी ते हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं पोलिसांकडे गेलो. समोर एक लेडी ऑफिसर, शांत. दशरथभाऊच सगळं सांगत होते. मॅडमनी ऐकून घेतलं आणि त्या अर्चनाकडे वळल्या. "स्क्रीनशॉट काढलेस?"

"हो मॅडम. अकाउंटची लिंक, तारीख, वेळ, सगळं पहिल्याच दिवशी सेव्ह केलंय."

"शाब्बास. दाखव."

"फोनमध्ये आहे."

"मग फोन कुठंय?"

अर्चनानं वडिलांकडे बघितलं. दशरथभाऊंनी खाली बघत सांगितलं, "कपाटात. कुलूप लावून ठेवलाय."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "काका, त्या माणसाविरुद्धचा सगळा पुरावा तुम्हीच कोंडून बसलाय!"

दशरथभाऊ उठले. रिक्षानं घरी गेले आणि फोन घेऊन आले. येताना वाटेत रुमालानं पुसलाही होता.

* * *

अकाउंट चार दिवसांत बंद झालं. माणसाचा शोध चालू आहे. अर्चना परत आली, पण दशरथभाऊंची अट होती. लाइव्हच्या वेळी ते स्वतः समोर बसणार. फर्स्ट शिफ्ट सुटली की कंपनीच्या बसनं थेट दुकानात. आणि पुन्हा काही वेडंवाकडं आलं तर फोन कायमचा बंद, दुकानही बंद.

पहिल्या दिवशी ते स्टूल घेऊन बसले ते नेमके कॅमेऱ्याच्या मधोमध. बायकांचे मेसेज सुरू. 'काका, सरका, पदर दिसत नाही!' काका सरकले. दुसऱ्या दिवशी कुणीतरी लिहिलं, 'काकांना पदर धरायला लावा, नीट पसरत नाहीये.' काकांनी पदर धरला.

तिसऱ्या दिवशी वेडंवाकडं आलंच. कुणी एक नवीन दादा. काय लिहिलं ते मी इथं लिहीत नाही. अर्चना प्रत्येक मेसेज मोठ्यानं वाचते, ती मध्येच थांबली. दशरथभाऊंनी मान वाकवून स्क्रीन वाचली. मग त्यांनी हात पुढे केला.

अर्चनानं माझ्याकडे बघितलं. मी काय करणार? तिनं स्टँडवरून फोन काढला आणि वडिलांच्या हातात दिला. तिकडे दोनशे-सव्वादोनशे बायका बघत होत्या. त्यांना आता दुकानाचं छत दिसत असणार.

दशरथभाऊंनी खिशातून चष्मा काढला, लावला. फोन लांब धरला, जवळ धरला.

"अर्चना, ह्याला घालवायचं बटन कुठलंय?"

तिनं बोट दाखवलं. त्यांनी दाबलं, गेला का ते नीट बघितलं, आणि फोन जागेवर बसवून पुन्हा पदर धरला.

"हं. पुढची दाखव. ती मोरपंखी."