बंद खानावळीच्या शेजारी

आमच्या फोनमध्ये खानावळ बंद करायचं एक बटण आहे. ते दाबलं की फोन कारण विचारतो. गॅस संपला, माणूस आला नाही, सामान नाही, दुरुस्ती चालू आहे. यातलं एक निवडल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही. शेजारी मयत झाली, हे त्यात नाही. ज्यांनी ते बनवलं त्यांना शेजारच नसेल, दुसरं काय.

उरवड्याच्या रस्त्याला, कारखान्यांच्या अलीकडे आमची खानावळ. गाळा शेजारच्या काकांचा, आम्ही भाड्यानं घेतलेला. त्यांचं घर गाळ्याला लागूनच, मधे एक भिंत. काका चांगले जमीनवाले, पण दुपारी आमच्या पहिल्या बाकड्यावर येऊन बसायचे. घरी काकूंनी रांधलेलं असायचं, तरी. "भात वाढ की गं पोरी, हात कशाला आखडतीस," म्हणायचे. भात मागेल तेवढा, ही आमच्या खानावळीची रीत होती. कारखान्याची पोरं तिसऱ्यांदा ताट पुढे करायची आणि काका त्यांना चिडवायचे, घरी खायला घालत न्हाईत का रं तुला. मजा यायची. दमायला व्हायचं, पण मजा यायची.

मग जेवण घरपोच देणाऱ्या ॲपच्या कंपनीचा माणूस आला. टी-शर्टवाला, हसरा, जिभेवर साखर. "ताई, आधी गिऱ्हाईक जोडायचं, कमाई नंतर. सुरुवातीला मोठी सूट द्या, मार्केट आपलं होतंय बघा." सूट माझ्या पदरची, मार्केट त्याचं, हे मला तेव्हा कळायला हवं होतं असं आता सगळेच सांगतात. सांगायला काय जातंय. झालं असं की बाकड्यावर बसणाऱ्या पोरांना तेच ताट खोलीवर स्वस्त पडायला लागलं. माझंच गिऱ्हाईक, माझंच जेवण, आणि माझ्या दारात यायचं बंद. रिकामी बाकडी बघवेनात, शेवटी काढून टाकली आणि तिथं पार्सल बांधायचं टेबल आलं. एक बाकडं काकांसाठी ठेवलं होतं. ते त्यावर बसायचे, पण बोलायला कुणी नसायचं. मीही फोनकडे बघत असायचे. हळूहळू त्यांनी यायचं सोडलं.

तो माणूस परत आला. आता म्हणे, एका चुलीवर चार नावं लावा. बिर्याणीचं एक, थाळीचं एक, चायनीजचं एक, आणि घरच्यासारख्या साध्या वरण-भाताचं एक. "लोकांना वाटतं चार वेगळी हॉटेलं आहेत. कुठूनही मागवू देत, येतं आपल्याकडेच." चार नावं आणि मागे मी एकटी बाई. आमच्या खऱ्या खानावळीचं नाव तर फोनवर कुठल्या कुठे खाली गेलं, शोधून सापडत नाही.

सोडून का देत नाही, असं बहीण विचारते. सोडून काय डोंबल करू? बसून जेवणारी माणसं गेली ती गेलीच. लेकीच्या बाळंतपणाला आम्ही खानावळ बंद ठेवली, तर चारही नावं इतकी घसरली की पुढे कितीतरी दिवस फोन मुक्यासारखा पडून होता. रविवारी बंद ठेवलं तर विचारूच नका. तेव्हापासून त्या बंदच्या बटणाला आम्ही दोघं नवरा-बायको हात लावत नाही. गाळा टिकवायचा तर फोन वाजला पाहिजे, आणि फोन वाजायचा तर चूल विझता कामा नये. एवढंच आमचं आयुष्य उरलंय.

काका गेले ते रविवारीच, पहाटे. झोपेतच गेले.

आमच्या भागात शेजारी मयत झाली की ती उचलेपर्यंत आजूबाजूच्या घरात चूल पेटत नाही. आणि माणसं स्मशानातून आली की त्या घराला कडू घास शेजाऱ्यांनी द्यायचा. पिठलं-भात, साधंच काहीतरी. ज्याची भिंत लागून, त्याचा मान पहिला. म्हणजे माझा.

सकाळी काकूंच्या गळ्यात पडून रडले. खरंच रडले. तेवढ्यात कमरेला खोचलेला फोन थरथरायला लागला. नवऱ्यानं मला बाजूला घेतलं आणि म्हणाला, "शटर पाड. आत चालू ठिव. पार्सलं मागल्या दारानं दिऊ." मी म्हटलं, अहो, लोक काय म्हणतील. तो म्हणाला, "लोकांना शटर दिसंल." आणि तो खांदा द्यायला गेला.

मी शटर पाडलं आणि आत उकडत उभी राहिले. एक्झॉस्ट लावला नाही, वास बाहेर जायला नको म्हणून. भिंतीपलीकडून रडणं ऐकू येत होतं, आणि अलीकडे मी बिर्याणीवर तळलेला कांदा पसरत होते. स्वतःची इतकी चीड मला कधी आली नव्हती. बेसन काढून ठेवलं होतं, शेगडी रिकामी झाली की काकूंसाठी पिठलं टाकायचं म्हणून. शेगडी रिकामी होईच ना.

माणसं परत आल्याचा आवाज आला. त्याच सुमाराला वरण-भाताच्या नावावर एक मोठी ऑर्डर पडली. खाली सूचना होती, तिखट कमी करा. मी बांधून ठेवली. डिलिव्हरीवाला मागल्या दाराशी आला, बिहारकडचा, या भागात नवीन. फोनवरचा पत्ता मला दाखवून म्हणाला, "दीदी, ये बंद खानावल के बगल वाला घर किधर पड़ेगा?"

त्या बंद खानावळीतच मी उभी होते.

भिंतीकडे बोट केलं. तो पिशवी घेऊन गेला. मी गॅस बारीक केला, तोंड धुतलं आणि रिकाम्या हातानं काकूंकडे गेले. काकांचा पुण्याचा पुतण्या कागदी ताटल्यांत माझाच भात वाढत होता. मला बघून म्हणाला, "बसा ना. तुमचं शटर बंद दिसलं, म्हटलं तुम्हाला कशाला त्रास, ऑनलाइनच मागवलं."

काकूंनी माझा हात धरून शेजारी बसवलं. "शटर पाडलंस, लई बरं केलंस. त्यांच्यासाठी कुणी तेवढं तरी केलं." मग एक घास खाल्ला, थांबल्या, माझ्याकडे बघितलं. "अगदी तुज्या हातचं लागतंय गं." त्यांना काही कळलं नव्हतं. मला बोलायचं होतं. कडू घास मी विकला होता, पैसे लावून, डब्याचे वेगळे धरून, आणि माझ्या समोर ती बाई तो खात होती.

पुतण्यानं फोन काढला. "काकू, चांगलं आहे ना? पाच स्टार देऊन टाकतो."

काकूंनी मान हलवली. माझ्या कमरेला फोन थरथरला.

"घे की," काकू म्हणाल्या, "तुजं काम असंल."